मधली उडी

माझ्या उंचीवरून आमच्या घरी जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. पंधराव्या वर्षी मी आईच्या डोक्यावरून चुलीवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते बघू शकत होते. आई म्हणायची, "बाई गं, थांब आता. अजून कुटवर जानार हाईस?" जसं काही मी मुद्दाम करत होते! चाळीतल्या बायका मला दारात उभी बघितली की हसून म्हणत, "वाक गं, चौकट लागंल." वाकून वाकून मान दुखायची, उंची काही कमी व्हायची नाही.

वडील लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये फिटर होते. मूळ गाव कामशेतच्या पुढं, पवनेच्या अंगाला. तिथं चुलते भातशेती करायचे, आम्ही रेल्वेच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. आई, वडील, मी आणि माझ्या पाठची बहीण. उंची वडिलांकडून आली होती, पण इंजिनाखाली शिरून शिरून ते पाठीत वाकले होते, त्यामुळं त्यांची कुणाच्या डोळ्यावर येत नसे. आई मला बोलायला लागली की ते म्हणत, "माज्यावर गेलीया ती. मला बोल की." मग आई त्यांनाही बोलायची. बहीण मात्र आईवर गेली होती. ठेंगणी, गुबगुबीत, हसरी. तिला कुणी कधी काही बोललं नाही.

मला ताठ उभी राहायला सांगणारी जगात एकच बाई होती, ती म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. शाळा मिशनची, फक्त मुलींची. बाई विधवा होत्या, आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. त्यांनी शाळेच्या मागच्या मुरमाच्या पटांगणात बास्केट बॉल सुरू केला. गावात त्याला टोपलीचा खेळ म्हणत आणि नाकं मुरडत. खांब म्हणून टाकाऊ रुळांचे दोन तुकडे पुरलेले. त्यांच्या लोखंडी कड्या माझ्या वडिलांनीच शेडमधून करून दिल्या होत्या. आम्ही नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून अनवाणी खेळायचो. मुरूम पायाला असा टोचायचा की विचारू नका.

तेव्हाचा नियम आजच्या पोरींना सांगितला तर त्या हसतात. कुठल्याही बाजूनं चेंडू कडीत टाकला की खेळ थांबायचा. चेंडू परत पटांगणाच्या मधोमध यायचा. दोन्हीकडची एकेक मुलगी तिथं समोरासमोर उभी राहायची, बाई दोघींच्या मधून चेंडू सरळ वर उडवायच्या आणि दोघींनी उडी मारून तो आपल्या मुलींकडं ढकलायचा. गोल झाला की पुन्हा तेच. आम्ही त्याला मधली उडी म्हणायचो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा तर आणखी एक गंमत होती. उडी मारताना एक हात पाठीमागं, कमरेवर ठेवायचा. ढकलाढकली होऊ नये म्हणून. मी त्या हातानं कासोट्याचं टोक धरून ठेवायचे, म्हणजे लाजही राखली जायची आणि नियमही.

ती मधली उडी माझी होती. आमच्या शाळेत दुसरं कुणी तिथं उभं राहूच शकत नव्हतं. समोरची मुलगी माझ्या खांद्याला लागायची. बाई म्हणायच्या, "खांदे मागे, मान वर, ताठ!" आणि चेंडू वर जायचा. घरी ज्या गोष्टीसाठी मी दिवसभर बोलणी खायची, तिच्यासाठीच तिथं पोरी टाळ्या वाजवायच्या. मला तो खेळ का आवडायचा, हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी चाळीमागं मी बहिणीला उडी शिकवायची. चिंध्यांचा चेंडू करून मी तो वर टाकायची आणि ती परकर सावरत, एक हात पाठीशी धरून उडायची. बिचारीची उडी ती केवढी! पुढं तो हात मागं ठेवायचा नियम गेला, बाई म्हणाल्या, आता दोन्ही हात मोकळे. मी बहिणीला तसं सांगितलं. पण तिचा हात आपला मागंच. मी ओरडले की म्हणायची, "असू दे गं आक्का. मागं हात असला की मला भीती वाटत नाही."

मी सतरा संपून अठराव्यात पडले आणि आईचा जीव टांगणीला लागला. दोन-तीन ठिकाणचे लोक मला बघून गेले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं, मुलगी चांगली आहे पण नवऱ्याच्या वर जाईल. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? बाईंनी सांगितलं होतं की शेवटची परीक्षा झाली की पुण्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवते. मला तेच हवं होतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मास्तरीन हो न्हाईतर कलेक्टर हो. पन लगीन झाल्यावर." माझ्यामागं अजून एक मुलगी उभी आहे, थोरली अडली की धाकटीही अडली, हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की आम्हा दोघींना पाठ झालं होतं.

अशात कामशेतचं स्थळ आलं. बाजारात तांदळाचं मोठं दुकान, घरची भाताची जमीन, मुलगा दुकान बघणारा. घरात सगळा कारभार मुलाच्या आत्याचा. बघायला त्याच आल्या. ठेंगण्या, चपळ, नजर अशी की तांदळातला खडा लांबून ओळखावा. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आमचा पोरगा काय लय उंच न्हाई. पोरगी त्येच्या खांद्याला लागंल येवढीच पायजे."

"व्हय व्हय, मध्यमच हाय," आई म्हणाली. इतकं धडधडीत खोटं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिनं तयारी आधीच केली होती. पाहुणे यायच्या आत मला पाटावर बसवलं होतं आणि ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत उठायचं नाही असा दम दिला होता. पोहे बहिणीनं दिले, पाणी बहिणीनं दिलं, पाया पडायची वेळ आली तर मी बसल्या जागेवरून वाकले. "लय लाजाळू हाय," आई म्हणाली. मी लाजाळू! माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि डोकं तापून गेलं होतं.

आत्याबाई खूश होऊन गेल्या. आणि आठवडाभरात कामशेतहून कुजबुज आली, की लोणावळ्याची मुलगी लंगडी आहे. उठलीच नाही म्हणे जागेवरून! रोजच्या गाडीनं भाजी आणणाऱ्या मावशीनं आईला बातमी सांगितली, आणि आई कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. मला हसू फुटलं. आईनं लाटणं उचललं तशी मी बाहेर पळाले.

आता करायचं काय? मुलगी चालून दाखवावी, तर उंची दिसणार. बसवून ठेवावी, तर लंगडी ठरणार. आईच्या नाकी नऊ आले. वडील म्हणाले, "खरं सांगून टाक की. उंच हाय म्हनावं. लंगडी असल्यापेक्षा बरंच हाय की न्हाई?" आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप भाकरी खायला लागले.

त्याच सुमारास बाई सुटीत पुण्याला शिकायला जाऊन आल्या आणि नवा नियम घेऊन आल्या. पटांगणात आम्हाला ओळीनं उभं करून सांगितलं, मधली उडी गेली. आता गोल झाला की खेळ थांबणार नाही. ज्यांच्यावर गोल झाला त्यांनी कडीमागून चेंडू उचलायचा आणि खेळ पुढं चालू. उडी फक्त सुरुवातीला एकदा. आणि हो, दोघींनी एकच चेंडू धरला आणि कुणीच सोडत नसेल, तर मात्र त्या दोघींमध्ये. आमच्यातल्या बुटक्या मुलींनी उड्याच मारल्या. खरंच होतं त्यांचं, मी सोडून बाकीच्यांना आत्ता कुठं खेळायला मिळणार होतं. पण घरी येऊन मी जेवले नाही. बहिणीनं कारण विचारलं, तर मी रडत सांगितलं, "माझी उडी काढून टाकली गं!"

हे आईनं आतून ऐकलं. तिच्या डोक्यात जे चाललं ते ऐका. मुलगी मैदानात धावताना दाखवायची! धावताना मुलगी उंच की ठेंगणी कुणाला कळतंय? पाय धड आहेत हे मात्र सगळ्यांना दिसतंय. आधी मधोमध कुणाच्या तरी शेजारी उभं राहून माप द्यावं लागायचं, ते आता देवानंच बंद केलं. तिनं दुसऱ्याच दिवशी भाजीवाल्या मावशीबरोबर कामशेतला निरोप धाडला, की अमुक दिवशी शाळेत सामना आहे, आत्याबाईंनी पोरीचा खेळ बघायला यावं. मी ऐकलं आणि थक्कच झाले. जी आई आजवर या खेळाला शिव्या देत होती, ती आता पाहुण्यांना आमंत्रण देत होती.

सुरुवातीच्या एका उडीचीही तिनं सोय केली. पदर खांद्यावरून घट्ट घेऊन ती बाईंकडं गेली आणि म्हणाली, पहिल्या उडीला आमच्या पोरीला उभी करू नका. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. काय करणार? आईचे डोळे भरलेले होते. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण पुढं खेळात जे होईल ते होईल."

सामना थंडीतला. पुण्याकडची मुलींची शाळा सकाळच्या गाडीनं आली होती. धुकं उठून ऊन पडलं होतं. आत्याबाई लोकरी शाल पांघरून सतरंजीवर बसल्या, शेजारी आई, आणि मागं बहीण पाण्याची कळशी आणि पेले घेऊन. पहिली उडी आमच्या दुसऱ्या मुलीनं मारली आणि हरली. मी कडेला वाकून उभी होते. मग खेळ सुरू झाला आणि मी धावले. अहो, काय धावले! त्या नव्या नियमानं दम खायलासुद्धा उसंत नव्हती. गोल झाला की लगेच पळा. जाता-येता मला सतरंजी दिसत होती. आत्याबाई माझ्या पायांकडंच बघत होत्या. एकदा तर हसल्या. आईचा चेहरा असा फुलला होता की माझं लग्न लागलंच आहे जणू.

मी दोन गोल केले. वाकून. वाकून धावायचं, वाकून टाकायचं. आणि मला त्याचा राग यायला लागला. आईचा नाही, आत्याबाईंचा नाही, कुणाचा ते कळत नव्हतं, पण राग होता.

मग तो चेंडू आला. त्यांच्या एका मुलीनं आणि मी एकाच वेळी पकडला. ती बुटकी, भरल्या अंगाची, दातओठ खाऊन ओढत होती. मीही ओढला. सोडला असता तर काही बिघडत नव्हतं. चेंडू त्यांच्याकडं गेला असता, मी पुढं धावले असते, आत्याबाई संध्याकाळच्या गाडीनं सुपारी फोडायचं ठरवून घरी गेल्या असत्या. मला हे सगळं त्या क्षणी समजत होतं. आईलाही समजलं. ती सतरंजीवरून उठली आणि ओरडली, "सोड! सोड गं पोरी!" लोकांना वाटलं, आई मुलीला खेळ शिकवतेय. कुणीतरी हसलं.

मी सोडला नाही.

शिट्टी वाजली. बाई आल्या, दोघींच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि म्हणाल्या, "उडी." ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. मी खांदे मागं घेतले, मान वर केली. तिचा भांग माझ्या छातीशी होता. चेंडू वर गेला, मी उडाले, आणि तो कुठं ढकलायचा ते मला वरून इतकं स्पष्ट दिसलं की आजही डोळे मिटले की दिसतं. आमच्या मुलीनं तो कडीत टाकला. टाळ्या पडल्या. आत्याबाईंनी शाल सारखी केली, टाळी वाजवली नाही.

सामना आम्ही जिंकलो. मी घाम पुसत सतरंजीपाशी गेले तेव्हा आत्याबाई उठल्या होत्या. चिडल्या नव्हत्या, हेच मला भीतीदायक वाटलं. आईला शांतपणे म्हणाल्या, "पोर धडधाकट हाय तुमची. पन आमच्या दारात मावायची न्हाई." मला वाटलं, चला, सुटले. तेवढ्यात बहिणीनं पेला भरून आत्याबाईंपुढं धरला, खाली मान घालून, दोन्ही हातांनी. आत्याबाई पाणी प्यायल्या, त्यांनी पेला परत दिला आणि तिला खालून वर नीट पाहिलं. "ही बी तुमचीच?"

पंधरा वर्षांची होती ती. महिनाभरात सगळं ठरलं.

मी काय कमी भांडले? बाई घरी येऊन बोलून गेल्या, आईनं त्यांना चहा दिला आणि ऐकून घेतलं. वडील म्हणाले, "पोर ल्हान हाय अजून." आई म्हणाली, "मीबी ल्हानच हुते तुमच्या घरात आले तवा." शेवटी मी आईला धरून विचारलं, "तिचा काय दोष? तिला का पाठवतेस?" आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू चेंडू सोडला असतास, तर ती नसती गेली."

"म्हणजे मी जायचं?"

"व्हय. तुजी पाळी हुती."

चेंडू धरला त्याचं मला वाईट वाटत नाही, हे मी आईलाही सांगितलं आणि आता लिहितानाही सांगते. माझं मापच असं आहे, ते मी किती दिवस पाटावर बसून झाकायचं? पण आईचं ते वाक्य मी विसरू शकले नाही. माझ्या लग्नाचा नाद तिनं सोडला आणि मी पुढं पुण्याला गेले. जे हवं होतं ते मिळालं. बहिणीची शाळा मात्र अर्ध्या वर्षात सुटली.

तिला स्वतःला काही कळत नव्हतं, किंवा कळून ती न कळल्यासारखं करत होती. नव्या बांगड्या मला दाखवायची. विचारायची, "आक्का, तांदळाच्या दुकानात उंदीर असतात का गं?" मी म्हणायचे, असतात. ती हसायची, आणि मग बांगड्या काढून ठेवायची.

लग्न कामशेतला, त्यांच्या दारात. मी करवली. हातात कऱ्हा घेऊन नवरीच्या मागं उभी. मधे अंतरपाट धरलेला, पलीकडं नवरा. बहिणीला समोर पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, कारण माझी मान अंतरपाटाच्या वर होती. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "करवलीला वाकाय सांगा, नवरीच्या वर दिसतीया." मी वाकले नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. बहीण मान न वळवता हळूच म्हणाली, "आक्का, तुला दिसतोय ना? कसा आहे गं?"

मी पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. उंच दिसावा म्हणून त्याला पाटावर उभं केलं होतं. कपाळावर घाम, डोळे खाली. त्यानं एकदा वर पाहिलं, मला पाहिलं आणि घाबरून पुन्हा मान खाली घातली. त्यालाही कुणी विचारलं नसावं. वाईट माणूस असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

"बरा आहे," मी म्हटलं. "घाबरलाय."

"मीपण," ती म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं हार एकाच हातात धरलाय. दुसरा हात पाठीमागं, कमरेवर होता. तो चाचपडत माझ्या हातापर्यंत आला आणि त्यानं माझी बोटं धरली. घट्ट. मीही धरली. शेवटचं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, आणि तरी तो हात तसाच. भटजी म्हणाले, "हार घाला." ती हलेना. आत्याबाई पुढून म्हणाल्या, "पोरी, दोनी हात फुडं कर की."

ती सोडत नव्हती. मग मी सोडला.